सशाचं बारकं पिल्लू जगवायचं तर

मादी व्याली की आठ-नऊ पिल्लांत एखादं असतंच. बाकीच्यांच्या निम्म्या अंगाचं, कातडीला सुरकुत्या, ढिगाच्या कडेला एकटं पडलेलं. नवीन ससे पाळणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो ड्रॉपरनं दूध पाजायचा. घरात शेळीचं नाहीतर म्हशीचं दूध असतं, मेडिकलवर दहा रुपयांत सिरिंज मिळते, आणि तासाभरात पिल्लाच्या नाकातून दूध बाहेर येतं. बारकी पिल्लं उपाशी मरतात हे खरं आहे, पण घाईत पाजल्यानं मरणारीही कमी नसतात. अशा पिल्लाला दोनच गोष्टी लागतात, ऊब आणि आईच्या सडापाशी हक्काची जागा. त्या मिळवून द्यायच्या आणि बाकी हात आवरता घ्यायचा.

खाली जे सांगतोय ते आपल्याकडे शेडमध्ये किंवा अंगणात पाळतात त्या सशांसाठी आहे. न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला, नाहीतर बाजारात मिळणारा लाल डोळ्यांचा पांढरा संकर. रानातल्या सशाचं वेगळं आहे, ते पुढे येईल.

आधी नुसतं बघा

मादीचे दिवस साधारण ३१ भरतात. व्याल्यावर ती शांत झाली की तिला मूठभर घास टाकून बाजूला घ्या आणि ज्या खोक्यात ती व्याली त्यात हात घाला. "माणसाचा वास लागला की माय पिल्लं टाकून देती" असं गावोगाव सांगतात. पाळीव सशाच्या बाबतीत ते खरं नाही. साबणाचा, अत्तराचा, तंबाखूचा उग्र वास मात्र हाताला नको. साध्या पाण्यानं हात धुवा, मादीच्या पाठीवरून एकदा फिरवा आणि मग पिल्लं उचला.

मेलेली पिल्लं आणि वार राहिली असेल तर ती काढून टाका, नाहीतर मुंग्या लागतात. मग एकेक पिल्लू वजनकाट्यावर ठेवा. काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, किराणा दुकानातला मोठा काटा इथं कामाचा नाही. मध्यम जातीचं चांगलं पिल्लू जन्मताना ५० ते ६० ग्रॅमचं असतं. चाळीसच्या खाली आलं तर लक्ष ठेवायचं. तिशीच्या आसपास असेल तर ते जगणं अवघड असतं, हे मनाशी धरूनच पुढचं करायचं. प्रयत्न जरूर करा, पण लेकरांना "हे वाचणारच" असा शब्द देऊन बसू नका.

आता पोट बघा. नुकतंच पाजलेलं पिल्लू उताणं धरलं की पोट ढोलकीसारखं टम्म दिसतं आणि पातळ कातडीखाली दुधाचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. उपाशी पिल्लाचं पोट आत गेलेलं असतं, बगलेत आणि मांडीत कातडी सैल लोंबते. खोक्यावरचे केस अलगद बाजूला केले की धट्टीकट्टी पिल्लं आई आली समजून माना वर करून उसळतात. बारकं पिल्लूही उसळलं तर समजा त्याच्यात अजून जोर आहे. बाकीची उसळताना ते नुसतं पडून राहिलं, तर वेळ घालवू नका.

पिल्लू बारकं का राहिलं याची कारणं बहुधा साधी असतात. मादीला सड आठच असतात, फार तर नऊ-दहा, आणि पिल्लं दहा-अकरा झाली की कोणीतरी मागं पडतंच. गर्भाशयात ज्याला जागा आणि रक्तपुरवठा कमी मिळाला ते जन्मतःच लहान येतं. कधी एखादं पिल्लू सड तोंडात धरूनच आईबरोबर खोक्याबाहेर ओढलं जातं, रात्रभर गार फरशीवर पडतं आणि त्यातून मागं राहतं. बुटक्या जातीच्या जोडीपासून झालेलं, डोकं फुगीर, कान अगदी इवलेसे आणि मागचा भाग आखडलेला असं पिल्लू असेल, तर तो रक्तातलाच दोष असतो. ते काही दिवसांतच जातं, त्याला उपाय नाही.

गार पिल्लाला दूध नाही

शेजारच्या पोराचा एकदा पहाटे फोन आला.

"काका, पिल्लू गार पडलंय. दूध गरम करून पाजू का?"

"थांब रे. दूध नको, आधी त्याला गरम कर."

"पण ते उपाशी हाय की!"

"असू दे. गार पोटात दूध पचत नाही. ते तिथंच नासतं, नाहीतर फुप्फुसात जातं."

एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी बरीच पिल्लं वाचतील. अंगावर केस नसल्यानं पहिला आठवडाभर पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. सगळी पिल्लं एकमेकांना चिकटून, आईच्या उपटलेल्या केसांखाली राहतात तेव्हा त्या ढिगात ३० ते ३५ अंश ऊब असते. बारकं पिल्लू ढिगातून बाहेर ढकललं गेलं की तासाभरात गार पडतं.

प्लास्टिकच्या बाटलीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी भरा, तिला जुन्या सुती लुगड्याचा फडका दोनदा गुंडाळा आणि पिल्लू तिच्या बाजूला ठेवा, वर नको. त्याला नकोसं झालं तर सरकायला दुसऱ्या बाजूला मोकळी जागा ठेवा. बाटली नसेल तर बनियनच्या आत छातीशी धरा, तेही चालतं. थेट चुलीशेजारी, निखाऱ्यावर किंवा हेअर ड्रायरखाली ठेवू नका. बल्ब लावायची पद्धत आहे, पण आपल्याकडे रात्री दोनला लाईट जाते आणि पहाटे पाचला येते, त्यामुळे बाटलीचाच भरवसा धरा. अर्ध्या-पाऊण तासात पोटाला, पायाला आणि तोंडाच्या आतून गरम लागलं आणि पिल्लू वळवळू लागलं की मग दुधाचा विचार करायचा.

खोक्यात वाळलेली हरळी किंवा मऊ गवत वीतभर अंथरा आणि वर मादीचेच केस. केस कमी पडले तर तिच्या पोटावरचे सैल झालेले केस हलक्या हातानं निघतात. मराठवाड्यात घराघरात कापूस पडलेला असतो, त्यामुळे तोच अंथरायचा मोह होतो. तो नको. कापसाचे तंतू पिल्लाच्या पायाला आणि मानेला वळसे घालून आवळतात आणि सकाळी पाय काळानिळा पडलेला दिसतो. सोयाबीनची गुळीही नको, ती टोचते आणि तिची धूळ नाकात जाते.

आईच्या सडाला लावणं

ससा दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजतो, आणि तेही तीन ते पाच मिनिटं, बहुधा पहाटे. बाकीचा दिवस मादी खोक्याकडे फिरकतही नाही. नवशिका माणूस हे बघून घाबरतो, "माय पिल्लांकडे बघतच नाही" म्हणतो. ते तिचं वागणंच आहे. रानात घुटमळत राहिली तर कोल्ह्या-मुंगसाला बिळाचा पत्ता लागेल, म्हणून ती लांब राहते.

पण बारक्या पिल्लाचं दुखणं नेमकं याच चार मिनिटांत असतं. पान्हा सुटतो, नऊ जणांची झुंबड उडते, धट्टीकट्टी पिल्लं सड बदलत बदलत पोट भरतात आणि बारकं पिल्लू केसांत तोंड खुपसत राहतं. ते सडापर्यंत पोचतं तोवर मादी उडी मारून निघून जाते. एका पाजण्यात चांगलं पिल्लू आपल्या वजनाच्या पाचव्या भागाएवढं दूध पितं. म्हणजे एक पाळी हुकली की पूर्ण दिवसाचं जेवण हुकलं. दोन दिवस सलग हुकलं तर चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिल्लू राहत नाही.

म्हणून पाजायची वेळ आपल्या हातात घ्यायची. रात्री खोकं मादीच्या पिंजऱ्यातून काढून सुरक्षित जागी ठेवा. सकाळी सहा-साडेसहाला मादीला खोक्यात सोडायच्या आधी बारकं पिल्लू आणि त्याच्या जोडीला दुसरं लहानसं पिल्लू एवढीच आत ठेवा, बाकीची बाजूला फडक्यात ऊबदार ठेवा. मादी खोक्यात शिरते, पान्हा सोडते आणि या दोघांना हवा तो सड मोकळा मिळतो. दोन मिनिटांनी बाकीची पिल्लं हळूच आत सोडा. मधेच मादी बाहेर यायला बघत असेल तर तिच्या खांद्यावर हात ठेवून थांबवा, दाबू नका. आपल्या हाताची तिला सवय लागली की तीन-चार दिवसांत ती स्वतःहून थांबते.

काही माद्या खोक्यात थांबतच नाहीत. अशा मादीला मांडीवर घ्यावं लागतं. खाली बसा, मांडीवर गोणपाट टाका, मादीचा पार्श्वभाग आपल्या पोटाकडे घेऊन तिला अर्धवट उताणी टेकवा, मागचे पाय नीट आधारानं धरा. सशानं लाथ झाडली आणि कंबर हवेत राहिली तर त्याचा कणा मोडतो, ही काळजी मादीसाठी घ्यायची. जोडीदारानं पिल्लू सडाजवळ न्यायचं. पिल्लू वासावर स्वतः सड शोधतं. तोंड लावलं की गालाची हालचाल आणि बारीक चुटचुट आवाज येतो, मग दोन-तीन मिनिटांनी पोट डोळ्यांदेखत फुगतं. हे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा केलं तर बारक्या पिल्लाला दुप्पट मिळतं. माझ्या मते यापुढचा कुठलाही उपाय याच्या जवळपासही येत नाही, कारण सशाच्या दुधाला तोड नाही. त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं प्रत्येकी दहा टक्क्यांच्या वर असतात, गाईच्या दुधात तीन-चार टक्के. उलट साखर सशाच्या दुधात दोन टक्क्यांच्या आत, गाईच्या दुधात पाचच्या जवळ. म्हणूनच गाईचं दूध पाजलं की पिल्लाला हगवण लागते.

दूध यायचं तर मादीला पाणी लागतं, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो. उन्हाळ्यात पाजणारी मादी दिवसाला लिटरभर पाणी पिऊ शकते. एक वाटी सकाळी भरून ठेवली आणि दुपारी ती पालथी पडली तर संध्याकाळपर्यंत पान्हा आटतो. मातीचं जड भांडं किंवा निप्पल बाटली, दोन्ही ठेवा. पाजण्याआधी रोज सडांवर बोटं फिरवा. एखादा सड कडक, गरम किंवा निळसर लागला, मादी पाजताना दचकली, तर तिला सडाचा दाह झालाय आणि तिला डॉक्टरची गरज आहे. तशा मादीची पिल्लं दुसऱ्या निरोगी मादीकडेही टाकू नका, तोंडातून रोग तिकडे जातो.

दुसरी माय

त्याच दोन-तीन दिवसांत व्यालेली, पाच-सहाच पिल्लं असलेली दुसरी मादी असेल तर काम फार सोपं होतं. पण बारकं पिल्लू तिकडे देऊ नका. तिकडची धट्टी पिल्लं त्याला पुन्हा मागं ढकलतील. आपल्या खोक्यातली दोन-तीन दांडगी पिल्लं तिकडे द्या आणि बारक्याला आपल्या आईकडे मोकळी जागा करून द्या. नवीन पिल्लं तिच्या पिल्लांच्या मधोमध ठेवा, तिच्या केसांनी झाका, अर्धा-पाऊण तास वास मिसळू द्या, मग तिला आत जाऊ द्या. सशाची मादी पिल्लं मोजत नाही. दोन्हीकडच्या पिल्लांच्या वयात तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर मात्र नको.

वरचं दूध, अगदीच नाइलाज असेल तर

आई मेली, किंवा तिला दूधच नाही आणि दुसरी मादी नाही, तेव्हाच. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर सगळ्यांत बरी. ती छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत पेट शॉपमध्ये मिळते. ती येईपर्यंत ताजं, उकळून कोमट केलेलं शेळीचं दूध चालवून घ्या, अर्धा कप दुधाला चहाचा चमचाभर ताजी साय घोटून. साखर, गूळ, मध, ग्लुकोज पावडर, बिस्किटाचा चुरा, यांतलं काहीही त्यात घालायचं नाही.

पहिल्या आठवड्यात साध्या पिल्लाला एका वेळी २ ते २.५ मिली पुरतं, दिवसातून दोनदा. बारक्याला तेवढंच दूध तीन पाळ्यांत थोडं थोडं द्या. दुसऱ्या आठवड्यात एका वेळी ५ ते ७ मिली, तिसऱ्यात ७ ते १२ मिलीपर्यंत. एक मिलीची, सुई काढलेली सिरिंज घ्या. पिल्लाला उताणं धरू नका. पोट खाली, डोकं किंचित वर, जसं ते आईखाली असतं तसं. ओठाच्या कडेला थेंब लावा, ते चाटू द्या, गिळू द्या, मग दुसरा थेंब. दट्ट्या दाबून तोंडात धार सोडायची नाही. नाकावर बुडबुडा आला की लगेच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा. एकदा दूध फुप्फुसात गेलं की दोन-तीन दिवसांत न्यूमोनियानं पिल्लू जातं.

पहिले दहा दिवस अशा पिल्लाला आपण मुतवावंही लागतं. आई चाटून ते काम करते. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं पोटाखाली शेपटीच्या दिशेनं हलकं पुसा, थेंब थेंब लघवी येते. ती आली नाही तर मूत्राशय फुगून पिल्लू कण्हत राहतं.

आपलं ऊन, आपली थंडी

पुस्तकात लिहिलेलं बरंचसं थंड हवेच्या देशातलं असतं. तिथं पिल्लू गारठून मरतं, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते उकडून मरतं. परभणी, नांदेड, बीडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो आणि ३० अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. खोक्यातली पिल्लं एकमेकांपासून लांब पसरून पडली, अंग लालबुंद आणि ओलसर लागलं, तर केस काढून टाका, खोकं उघडं ठेवा.

या दिवसांत लाकडी खोक्यापेक्षा मातीचा जुना माठ चांगला. माठाची मान मोठी करून तो आडवा निम्मा जमिनीत पुरा, वरून माती ओली ठेवा, आत गवत आणि केस. आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच थंड राहते. शेडच्या पश्चिमेला ओली गोणपाटं लोंबती ठेवा, वर पत्र्यावर ज्वारीचा कडबा पसरा. मादीच्या पिंजऱ्यात पाणी गोठवलेली बाटली टेकवून ठेवली की ती तिला चिकटून बसते. बंद खोलीत कूलर लावून दमटपणा वाढवू नका.

डिसेंबर-जानेवारी उलटा. परभणीकडे पारा एखाद्या वर्षी पाच अंशांच्याही खाली येतो. तेव्हा खोकं जमिनीवर नको, गोणपाटावर, भिंतीच्या आडोशाला ठेवा आणि रात्री गरम पाण्याची बाटली बदला.

मुंग्यांबद्दल नवीन माणसाला कोणी सांगत नाही. लाल मुंग्या रात्रीतून नागडं पिल्लू कुरतडतात आणि बारकं, हालचाल नसलेलं पिल्लू त्यांना आधी सापडतं. पिंजऱ्याचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा. पावडर किंवा औषध फवारू नका, मुंग्या मारायच्या खडूची रेघही खोक्याजवळ नको. घूस, बोका आणि मुंगूस यांच्यासाठी अर्ध्या इंचाची जाळी लागते, कोंबडीची मोठ्या भोकाची जाळी उपयोगाची नाही.

डोळे उघडल्यानंतर

दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. बारक्याचे एक-दोन दिवस उशिरा. पापण्या चिपडानं चिकटल्या असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका, त्या पाण्यात कापड भिजवून पापण्या हळू पुसा, ओढून उघडू नका. तरीही सुजलेलं राहिलं तर डॉक्टरकडे न्या, नाहीतर डोळा जातो.

याच सुमारास खोक्यात मादीच्या दोन-चार लेंड्या दिसतील. त्या रोज झाडून काढायची घाई करू नका. पिल्लं त्या कुरतडतात आणि त्यातून आतड्यात पचनाचे जिवाणू वसायला लागतात. ओलं झालेलं गवत मात्र बदला.

तीन आठवड्यांचं पिल्लू आईच्या ताटात तोंड घालतं. तेव्हा पुढचे दात बघून घ्या. ओठ वर करा, वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे असले पाहिजेत. खालचे पुढे आले असतील किंवा वाकडे भिडत असतील, तर पिल्लू बारकं राहण्याचं खरं कारण कळलं. दात ही रक्तातली गोष्ट आहे, तिला खुराकानं उतारा पडत नाही.

खायला पहिलं वाळलेलं गवत, तेही हवं तेवढं. त्यासोबत सशाची गोळी पेंड, रोज चिमूट-चिमूट वाढवत. लसूणघास आपल्याकडे भरपूर, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम चांगलं असतं आणि वाढत्या पिल्लाला तो मानवतो. पण कापल्यावर तासभर सावलीत सुकवून द्या, दवाचा ओला घास पोट फुगवतो. शेवग्याचा पाला, दशरथ घास, हरळी थोडी थोडी. एका वेळी एकच नवीन गोष्ट आणि दोन दिवस थांबून लेंड्या बघायच्या. भाकरी, पोळी, भात, बिस्किट, कोबी आणि गाजराचे ढीग नको. बांधावरचं गवत आणताना शेजारच्या कपाशीवर किंवा सोयाबीनवर फवारणी कधी झाली हे विचारा. गाजर गवत, घाणेरी, रुई, धोत्रा, कण्हेर लांब ठेवा. पाण्याचा ताण बसलेली, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारीही नको. बैलाला ती बाधते तशी इथंही बाधू शकते.

आईपासून तोडायची घाई बारक्याच्या बाबतीत करूच नका. दांडगी पिल्लं पाचव्या-सहाव्या आठवड्यात वेगळी करा आणि बारकं सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत एकटंच आईजवळ राहू द्या. चौथ्या आठवड्यानंतर दूध आटत जातं, पण जे येतं ते एकट्याला मिळतं. ही मादी तोवर पुन्हा नराला दाखवायची नाही. ज्यांचं हिशेबाचं शेड आहे त्यांना हे परवडत नाही, मला मान्य आहे. मग निदान वजन अर्धा किलो होईपर्यंत तरी थांबा.

हगवण आणि औषधं

चौथा ते आठवा आठवडा सगळ्यांत वाईट. आईचं दूध कमी होतं, वैरण वाढते आणि नेमकं त्याच वेळी कॉक्सिडियाचे जंतू आतड्यात माजतात. पोट फुगतं, पिल्लू कोपऱ्यात आक्रसून बसतं, दात करकर वाजवतं, शेपटीखाली घाण चिकटते. मोठा ससा एक दिवस तग धरतो, बारकं पिल्लू काही तासच. पातळ जुलाब दिसला की पेंड आणि हिरवं बंद, वाळलेलं गवत आणि पाणी चालू, ऊब द्या आणि लगेच डॉक्टर. सोबत ताज्या लेंड्या डबीत न्या, तपासणीत कॉक्सिडिया लगेच कळतो. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, बाकी ठिकाणी तालुक्याचा दवाखाना किंवा १९६२ वर फोन.

डॉक्टरकडे जाताना एक गोष्ट आठवणीनं बोला, कारण गाई-म्हशी बघणाऱ्या माणसाच्या हातून ती निसटू शकते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे द्यायची नसतात. आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विषारी जंतू वाढतात आणि दोन-चार दिवसांत ससा जातो. घरातल्या लेकराचं उरलेलं सिरप म्हणूनच पाजायचं नाही. कुत्र्याच्या गोचिडासाठीचं फिप्रोनिलचं औषधही सशाला विष आहे.

बाजारातून आणलेलं इवलं पिल्लू

आठवडी बाजारात किंवा दुकानात मुठीत मावणारी जोडी मिळते आणि विकणारा "छोटीच जात हाय" म्हणतो. बहुतेक वेळा ती छोटी जात नसते, तीन-चार आठवड्यांत आईपासून तोडलेली पिल्लं असतात. दोनशे-अडीचशे ग्रॅम वजन असेल तर असंच समजा. याला आता आई देता येणार नाही. तिथं जे खात होतं तेच आठवडाभर चालू ठेवा, वाळलेलं गवत सतत समोर ठेवा, लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्या आणि पहिले तीन दिवस लेकरांच्या हातात देऊ नका. हिरवं दहा दिवसांनी, बोटभर.

शेतात नांगरताना सापडलेलं, अंगावर भुरे केस आणि डोळे उघडे असलेलं पिल्लू हे पाळीव नाही. रानससा जन्मतःच असा असतो, आई दिवसभर लांब राहून अंधार पडल्यावर पाजायला येते. ते अनाथ नाही. तिथंच झुडपाखाली ठेवा. वन्यजीव कायदा १९७२ प्रमाणे ते घरी ठेवणं गुन्हा आहे. जखमी असेल तर वनविभागाचा १९२६ क्रमांक.

वाढ कशी मोजायची

रोज एकाच वेळी, पाजण्याआधी वजन घ्या आणि भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवा. चांगलं पिल्लू आठवड्यात दुप्पट होतं आणि महिन्याला अर्ध्या किलोच्या जवळ जातं. बारकं महिन्याला अडीचशे-तीनशेवर असेल तर काही बिघडलेलं नाही, भावंडांशी तुलना करू नका. आकडा रोज थोडा वर सरकला पाहिजे. दोन दिवस तिथंच थांबला तर पाजण्याची पाळी वाढवा, खाली आला तर त्याच दिवशी कारण शोधा. दूध कमी मिळाल्यामुळे मागं राहिलेली बरीच पिल्लं चार-पाच महिन्यांत अंगानं भरतात.

दात वाकडे असलेल्या पिल्लाला पुढे पैदाशीला ठेवू नका. त्याच जोडीला प्रत्येक वेताला असं पिल्लू येत असेल तर नर बदला, तो बहुधा मादीच्या नात्यातला निघतो. आणि पुढच्या वेळी दोन माद्या एकाच दिवशी नराला दाखवा, व्यायची तारीख एप्रिल-मे सोडून धरा. दोघी एकाच दिवशी व्याल्या की पिल्लं लगेच वाटून देता येतात.